कचेरीतील रामराम

बलिप्रतिपदेच्या दिवशी, पहाटेचा काळोख पुरता सरलेला नसतो तोच, डभोईच्या गल्ल्यांतून मुलांची हाळी ऐकू येते : 'सबरस, सबरस'. मुले मीठ विकत असतात. वर्षारंभी घरात प्रथम मीठ यावे, म्हणजे वर्षभर कशालाच चव कमी पडणार नाही, ही गुजराती घरांतील जुनी श्रद्धा. आमच्या मराठी घरांत त्या वेळी उटण्याचा वास दरवळत असतो आणि ओवाळणीच्या तबकाची तयारी चाललेली असते. आम्हांस तो दिवाळीचा पाडवा. शेजाऱ्यांस ते 'बेसतुं वरस', विक्रम संवताचा पहिला दिवस. तिथी एकच, महिना एकच, कारण गुजरात आणि महाराष्ट्र दोघेही महिना अमावास्येस संपवितात. वेगळे आहे ते वर्षाचे उंबरठे. त्यांचे वर्ष कार्तिकात पालटते, आमचे शालिवाहन शक चैत्रात. एखाद्या वर्षी तिथींच्या ओढाताणीत दिवाळी आणि नववर्ष यांच्यामध्ये एक दिवस रिकामा राहतो. त्याला इकडे 'धोको' म्हणतात, हेही आमच्या लहानपणीचे एक कोडेच होते.

दार उघडताच शेजारी हात जोडून म्हणतात, 'साल मुबारक'. पिढ्यान्‌पिढ्या हे शब्द आपण ऐकत आलो, उलट म्हणतही आलो. पण त्यांच्याकडे नीट पाहिले आहे काय? 'साल' हा शब्द फारसी, 'मुबारक' अरबी. उज्जयिनीच्या विक्रमादित्याच्या नावाने चालणारे हिंदू संवत, त्याच्या आरंभी लक्ष्मी-शारदेपुढे चोपडापूजन करून उठलेला वैष्णव अथवा जैन व्यापारी, आणि त्याच्या मुखी पूर्वीच्या सुलतानी अंमलाची भाषा. अलीकडे 'नूतन वर्षाभिनंदन' हे संस्कृत रूपही छापील पत्रिकांवर सरसहा दिसते. तरी पायरीवर उभा असलेला माणूस बोलून जातो ते 'साल मुबारक'च.

या अंकासाठी काही लिहावे असे ठरले तेव्हा मंडळातील एका तरुण सभासदाने विचारलेला प्रश्न मनात होता. त्याच्या कार्यालयात सर्व धर्मांचे, सर्व प्रांतांचे लोक आहेत. दिवाळीला, नाताळाला, ईदेला सर्वांना चालेल असे शुभेच्छापत्र कोणत्या शब्दांत लिहावे, की कोणाचे नावच न घेता 'सणासुदीच्या शुभेच्छा' असे मोघम लिहावे? प्रश्न आजचा वाटतो. परंतु डभोईसारख्या गावात, जेथे मराठी कारकून, गुजराती प्रजा, मुसलमान जमादार, पारशी अधिकारी आणि इंग्रज साहेब यांचा कागदपत्रांतून रोजचा संबंध येत होता, तेथे हा प्रश्न अडीचशे वर्षे तरी जुना आहे.

मराठी दफ्तरातील कोणतेही जुने पत्र घ्यावे. त्याचा आरंभ मजकुराने होत नाही, मायन्याने होतो. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' अमुक 'गोसावी यांसी', मग लिहिणाराचे नाव, मग अभिवादन, 'विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असिले पाहिजे', आणि नंतर 'विशेष' म्हणून कामाची गोष्ट. या साखळीत अभिवादनाचा शब्द निवडणे हे कारकुनाच्या विद्येचे अर्धे अंग होते. बरोबरीच्या ब्राह्मणास नमस्कार, वडिलांस साष्टांग नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद, संन्याशास दंडवत, मराठा सरदारांत परस्परांस रामराम, मुसलमान सरदारास सलाम. इंग्रजाशी पत्रव्यवहार पडू लागला तेव्हा 'साहेब मेहेरबान दोस्तान' असा मायना घडविण्यात आला. कोणास काय लिहावे हे सांगणारे ग्रंथच होते. हेमाद्रीच्या नावावर सांगितले जाणारे 'मेस्तक' त्यांपैकी एक.

यात समोरच्याचा मान त्याच्या रीतीने राखण्याची जाण आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मुसलमान सरदारास 'नमस्कार' लिहून पाहा, त्याने तो घेतलाच पाहिजे, असा हट्ट पेशव्यांच्या चिटणीसाने धरला नाही. पण त्याच शब्दात दुसरे एक कामही उरकले जाई. पत्र उघडताच कोण वर आणि कोण खाली हे कळे. अभिवादन म्हणजे एक लहानसा दरबारच होता. प्रत्येकाची बैठक त्यात ठरलेली.

तारखेची गोष्ट अधिक गमतीची आहे. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकशक सुरू केला, रघुनाथपंतांकडून 'राजव्यवहारकोश' करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही पेशवाई बुडेपर्यंत मराठी पत्रांच्या शेवटी 'छ' हे अक्षर घालून मुसलमानी महिन्याची तारीख पडतच राहिली : छ अमुक रजब, छ तमुक जमादिलावल. 'छ' म्हणजे चंद्र. वर्ष लिहावयाचे ते सुहूर सनाचे, तेही अरबी संख्यावाचकांनी, आणि ते वर्ष सुरू व्हावयाचे मृग नक्षत्री सूर्य आला म्हणजे, शेतकऱ्याच्या सोयीने. म्हणून त्यास मृगसाल हेही नाव. महिना मुसलमानी, आकडे अरबी, आरंभ मृगाचा, वर 'श्री' आणि लिपी मोडी. आज ज्यास आपण मोठ्या अभिमानाने 'सर्वसमावेशक' म्हणू, ते त्या कारकुनास रोजचे काम होते. तो त्याबद्दल बोलत नसे, कारण त्यात बोलण्याजोगे काही आहे हे त्याच्या गावीही नव्हते.

अशाच एका सुहूर सनात, 'इहिदे सलासीन मया व अलफ' या वर्षी, म्हणजे १ एप्रिल १७३१ रोजी, डभोई आणि भिलापूर यांच्या दरम्यानच्या मैदानात थोरल्या बाजीरावांचे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांचे युद्ध झाले. मराठ्यांनी मराठ्यांशी केलेले ते युद्ध. त्यात त्र्यंबकराव पडले. त्यांचे मुतालिक पिलाजीराव गायकवाड यांचा पुढील वर्षी डाकोर येथे खून झाला, आणि १७३४ मध्ये दमाजीरावांनी बडोदे घेतले. आपली घराणी या भूमीत आली ती या धामधुमीच्या मागोमाग. ही हकीकत वाचकांस ठाऊक आहे. तिचा एक धागा मात्र आमच्या विषयाशी जुळतो आणि तो सहसा कोणी ओढून पाहत नाही.

दाभाड्यांच्या घरी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याची प्रथा होती. डभोईच्या युद्धानंतर ती पेशव्यांनी पुण्यास नेली. तिचा पसारा वाढत गेला आणि श्रावण आला की दूरदूरचे ब्राह्मण पुण्याची वाट धरू लागले. वर्षातून एकदा, ठरल्या महिन्यात, राज्याने विद्येस केलेला हा एक नमस्कारच होता. पण तो एकाच वर्णास पोहोचत होता. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनीही ती दक्षिणा काही काळ चालू ठेवली. १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी अर्ज केला, की या द्रव्यातून मराठी भाषेतील उपयुक्त ग्रंथांस उत्तेजन द्यावे. जुन्या मंडळींचा क्षोभ झाला, आणि तरुण जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइझ फंड निघाला आणि मराठी ग्रंथकारांस त्यातून पारितोषिके मिळू लागली. डभोईच्या रणावर जिचा मालक बदलला, ती श्रावणाची भेट शंभराहून अधिक वर्षांनी कोणी घ्यावी हा वाद असा पुण्यात निवडला गेला.

मराठ्यांच्या आधीची डभोई म्हणजे दर्भावती. हिरा भागोळ, वडोदरी, चांपानेरी, नांदोदी या चार वेशींनी तिची मर्यादा सांगितली. सोळंकी-वाघेल्यांच्या काळचे हे शिल्प पाहून इंग्रज कलेक्टर जेम्स फोर्ब्स याला वेड लागले. १७८० ते १७८३ या काळात तो येथे होता. सालबाईच्या तहाने गाव मराठ्यांकडे परत गेले तेव्हा जाताना त्याने काही जुनी शिल्पे मागून घेतली आणि विलायतेत आपल्या बागेत नेऊन बसविली. त्याचे 'ओरिएंटल मेमॉयर्स' १८१३ साली प्रसिद्ध झाले. त्यातील डभोईवरची पाने आपल्या मंडळींनी अवश्य वाचावीत. परक्याच्या डोळ्यांनी आपले गाव पाहण्यात एक निराळीच मौज असते.

याच गावात जैन पंडित उपाध्याय यशोविजय यांनी देह ठेवला, आणि गरबीकार दयारामांचे वास्तव्यही येथलेच. ते १८५३ मध्ये येथेच वारले. त्यामुळे बाजारात एका बाजूने 'जय जिनेंद्र' आणि दुसऱ्या बाजूने 'जय श्रीकृष्ण' ऐकू येणे ही नित्याची बाब आहे. जैनांच्या पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीस, 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून वर्षभरातील अपराधांची क्षमा मागण्याची चाल आहे. पेढीवाले आपल्या सर्व कुळांना, ग्राहकांना, आडत्यांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, ती क्षमापना पाठवितात. पूर्वी जैन संघ दूरच्या आचार्यांना क्षमापनेची आणि पुढील चातुर्मासाच्या आमंत्रणाची लांबच लांब चित्रमय गुंडाळी पाठवीत. तिचे नाव विज्ञप्तिपत्र. त्यावर शहराचे रस्ते, बाजार, देवळे रंगविलेली असत. १६१० सालच्या आग्र्याच्या प्रसिद्ध विज्ञप्तिपत्रात तर जहांगीर बादशहाचा दरबारच चितारला आहे, कारण पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याचे फर्मान त्याने दिले होते. या विज्ञप्तिपत्रांचा अभ्यासपूर्ण ग्रंथ हिरानंद शास्त्री यांनी लिहिला आणि तो १९४२ साली बडोदे सरकारने छापला. आमच्या मते जगातील साऱ्या वार्षिक शुभेच्छापत्रांत ही परंपरा श्रेष्ठ होय. तिच्यात स्वतःच्या सुखाची जाहिरात नसते, स्वतःच्या चुकीची कबुली असते.

आता दसऱ्याकडे येऊ. आपट्याची पाने सोने म्हणून लुटणे हा आपला महाराष्ट्रीय संस्कार. गुजराती शेजाऱ्यांचा दसरा फाफडा-जिलबीचा. बडोद्यास गायकवाडांची स्वारी निघे, हत्ती, सरदार, सोन्याचांदीच्या तोफा, आणि सीमोल्लंघनानंतर सोने देण्याघेण्याचा समारंभ होई. दरबारातील मानकरी केवळ मराठे नव्हते. सयाजीराव महाराजांच्या आधीचे आणि त्यांच्या काळचे दिवाण नुसते आठवून पाहावेत : मल्हाररावांच्या वेळी दादाभाई नौरोजी, पारशी, मग १८७५ पासून सर टी. माधवराव, मूळचे तंजावरकडील मराठी. त्यांच्यामागून काझी शहाबुद्दीन. पुढे मणिभाई जशभाई, धामणस्कर, केरसास्प दादाचानजी, बंगालचे रमेशचंद्र दत्त, मनुभाई मेहता, व्ही. टी. कृष्णमाचारी. दसऱ्याचे सोने या हातांतून त्या हातांत जाई. त्याच हातांना पतेतीची, ईदेची, बेसत्या वर्षाची मुबारकबादी परत मिळे. त्याआधी खंडेराव महाराजांनी सुमारे १८६५ मध्ये मदिनेतील पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी मोत्यांची चादर विणवून घेतली होती. १८७० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ती बडोद्यातच राहिली आणि २००९ साली परदेशी लिलावात विकली गेली. हेच ते खंडेराव, ज्यांनी १८६२ साली डभोई-मियागाम अरुंद मापाचा लोहमार्ग घातला. प्रारंभी त्यावर गाडी ओढण्यास बैल जुंपले होते. इंजिने मागाहून आली.

महालाच्या कचेरीत दरबाराचीच लहान प्रतिमा दिसे. आमचे आजोबा १९३० नंतरच्या दशकात डभोईच्या वहिवाटदार कचेरीत कारकून होते. त्यांची एक वही आमच्याकडे आहे. हिशेबाची नव्हे, सणांची. उभ्या रकान्यांत सोने, साल मुबारक, तिळगूळ, ईद, पतेती, नाताळ. आडव्या ओळींत माणसे. नावे क्वचित, बहुधा हुद्देच : वहिवाटदारसाहेब, मुन्सफ, फौजदार, डॉक्टर, पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर, हेडमास्तर, दोन-तीन शेठ, एक मौलवीसाहेब. ज्याला जे लागू त्या चौकटीत बारीक टिंब. स्टेशनमास्तरांच्या ओळीत सोने, तिळगूळ आणि पतेती, तीनही टिंबे आहेत, म्हणजे त्या पारशी गृहस्थांना आपल्या सणाचे तर दिलेच, पण त्यांचा सणही चुकविला नाही. राज्याचे हिशेबी वर्ष ३१ जुलैस संपत असे. म्हणजे या एका लहान कचेरीत ऑगस्टात, कार्तिकात, जानेवारीत, चैत्रात, मोहरमात आणि नवरोजास मिळून सहा वेळा तरी वर्ष पालटत होते, आणि आजोबा सहाही उंबरठ्यांवर उभे होते. ही वही प्रथम हाती आली तेव्हा आम्हांस अभिमान वाटला, हे लपवीत नाही. पुष्कळांना दाखविलीही.

वहीच्या शेवटच्या पानावर निराळ्या शाईने आणखी पाच ओळी आहेत : पट्टेवाला, भिस्ती, टपालवाला, फरास, झाडूवाला. पहिल्या चौघांपुढे 'पोस्त' असे लिहून आण्यांचे आकडे आहेत. झाडूवाल्यापुढे आकडा आहे, आणि आकड्यापुढे एकच शब्द : 'बाहेर'.

बऱ्याच वर्षांनी तो शब्द आमच्या लक्षात आला. आकड्यांकडे पाहताना तो दिसत नव्हता.

सप्टेंबर १९१७ मध्ये बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. भीमराव आंबेडकर करारानुसार नोकरीस बडोद्यास रुजू झाले. १९१३ साली महाराजांनीच त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले होते. शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव दाराशी आला आणि त्यांना निघावे लागले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. कचेरीतील शिपाई फायली दुरून त्यांच्या मेजावर टाकीत, असे चरित्रकार सांगतात. ज्या राज्याच्या राजाने पाठविले, ज्या राज्यात अंत्यजांसाठी शाळा काढल्या गेल्या, ज्याच्या दिवाणपदावर सर्व धर्मांची माणसे येऊन गेली, त्या राज्याच्या कचेरीत आमच्याच जातभाईंना या एका अधिकाऱ्यास रामराम घालता आला नाही. कामाठी बागेतील ज्या झाडाखाली त्यांनी ते तास काढले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. त्या वर्षीचा दसरा पुढच्याच महिन्यात होता.

पूर्वीच्या मायन्यांची यादी देताना आम्ही वर एक शब्द गाळला होता. महारांच्या अभिवादनाचा शब्द 'जोहार' होता. चोखामेळ्याच्या अभंगांतून तो आपल्यापर्यंत आला आहे. रामराम घालण्याचाही ज्यांना अधिकार नव्हता त्यांनी दुरून, वाकून म्हणावयाचा तो शब्द. आंबेडकरी चळवळीने तो टाकला. १९३० नंतरच्या काळात कामठीचे बाबू हरदास यांनी 'जय भीम' रूढ केले असे मानले जाते. नमस्कार, आशीर्वाद, दंडवत हे शब्द बोलणाराची आणि ऐकणाराची पायरी सांगतात. 'जय भीम'ला 'जय भीम' हेच उत्तर.

आपला 'शुभेच्छा' हा शब्दही तसा नवाच. जुन्या मायन्यांत तो आढळत नाही. इंग्रजी शिकलेल्या पिढीने तो चलनात आणला असावा. त्यात वडीलकी नाही, जात नाही, पायरी नाही. कोणीही कोणासही द्याव्यात. म्हणूनच तो कार्यालयांत इतका चालला. मात्र ज्यात कोणाची पायरी नाही त्यात पुष्कळदा कोणाचा चेहराही नसतो. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' प्रसिद्ध करविला तेव्हा राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांस एकच सर्वसामान्य प्रतिशब्द शोधून ते थांबले नाहीत. गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली अशा सात भाषांतील शब्द शेजारी शेजारी मांडविले. ही बडोद्याची रीत. सर्वांसाठी एक मोघम शब्द काढण्यापेक्षा ज्याचा त्याला शब्द द्यावा.

तारखात्यानेही हेच केले होते, आणि तेही अगदी कारकुनी पद्धतीने. ज्यांनी तार केली असेल त्यांना आठवत असेल : शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. १ म्हणजे दिवाळी, २ म्हणजे ईद मुबारक, ३ म्हणजे बंगाल्यांचा बिजोया, ४ म्हणजे नववर्ष. तारवाला नुसता आकडा पाठवी, पलीकडचा तारवाला पूर्ण वाक्य लिहून देई. पैसे वाचत. डभोईच्या तारघरातून एका मराठी गृहस्थाने कलकत्त्याच्या मित्रास ३ आणि मुंबईच्या मित्रास २ पाठविला, तर दोघांनाही आपापल्या सणाच्या नावानेच तो पोहोचे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. आता भ्रमणध्वनीवर दिव्यांची हलती चित्रे येतात, दिवसाला शंभर. कोणी कोणास पाठविली हे पाठविणारासही आठवत नसावे. असो.

त्या तरुण सभासदास आम्ही सांगितले, की मोघम लिहू नये. ज्याचा सण त्याच्या दिवशी, त्याच्या नावाने लिहावा. त्याने विचारले, 'आणि कोणाचा सण आहे हे ठरवायचे कोणी?' या प्रश्नावर आम्ही गप्प झालो. त्याचे कारण येथे लिहून ठेवतो.

आम्ही नोकरीतील काही वर्षे डभोईच्या एका कार्यालयात काढली. दाराशी काळा फळा होता. सुट्टीच्या आदल्या दिवशी त्यावर रंगीत खडूंनी शुभेच्छा लिहिण्याचा प्रघात होता, आणि अक्षर बरे म्हणून ते काम आमच्याकडे असे. दिवाळीस 'साल मुबारक' गुजरातीत, ईदेस 'ईद मुबारक', नाताळास घंटा काढून त्याखाली 'मेरी ख्रिसमस', जरी गावात ख्रिस्ती कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी होती. १९९२ च्या एप्रिलात पाडवा आणि रमजान ईद पाठोपाठ आल्या. कार्यालयात मराठी आम्ही दोघेच. तरी वरिष्ठांनी आग्रहाने गुढी काढावयास लावली आणि गुजराती मंडळींनी ती कौतुकाने पाहिली. आठवड्याभराने, १३ एप्रिलला, आमच्याकडील शिपाई मेजाजवळ येऊन हळूच म्हणाला, 'साहेब, उद्या चौदा एप्रिल. फळ्यावर दोन शब्द लिहाल?' आम्ही वरिष्ठांकडे पाहिले. ते म्हणाले, 'तो काही सण नाही.' ते दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांचे म्हणणे शब्दशः खरेही होते. आम्ही खडूची पेटी खणात ठेवली आणि काहीही बोललो नाही. शिपाई 'बरं साहेब' म्हणून निघून गेला.

वहीतील 'बाहेर' हा शब्द आम्हांस दिसला तो त्याच वर्षीच्या दिवाळीत, माळा साफ करताना. हा योगायोग असेल, किंवा तोवर आमची नजर तिकडे जातच नसेल.

पुढल्या वर्षी १३ एप्रिलच्या सकाळी आम्ही नेहमीपेक्षा लवकर गेलो. मनाशी ठरविले होते, की कोणास विचारावयाचे नाही. फळ्यापाशी पोहोचलो तो फळ्यावर आधीच लिहिलेले होते. अक्षर वळणदार नव्हते, ओळ उजवीकडे उतरली होती, आणि पांढऱ्या खडूखेरीज दुसरा खडू त्याच्याजवळ नव्हता. रंगीत खडू आमच्या खणात, कुलपात होते. गुजराती लिपीत दोनच शब्द होते : 'जय भीम'. शिपाई बाजूला उभा राहून पायऱ्या झाडीत होता. आम्ही खण उघडून पेटी आणली आणि त्याच्या हाती दिली. त्याने पिवळा खडू निवडला, थोडा विचार केला, आणि अक्षरांना हात न लावता नुसती चौकट आखली.